हॉस्पिटलच्या भिंतीवरची दोस्ता

दोस्ता जन्मली तेव्हा तिच्या बापाने, वेलिबोरने, खोलीत डोकावूनही पाहिलं नाही. ही चौथी मुलगी. सुईण नाव विचारायला ओसरीवर आली, तर तो लाल मिरच्यांच्या माळा ओवत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "दोस्ता." त्या मुलखाच्या भाषेत दोस्ता म्हणजे पुरे, बास. आपल्याकडे नकोशी ठेवतात तसंच. देवाने ते ऐकलं असावं, कारण दोन वर्षांनी मुलगा झाला, सिनिशा. मेंढरू कापलं गेलं, बंदुकीचे बार उडाले, आणि गावातल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या की वेलिबोरच्या पोरीचं नाव गुणाचं निघालं.

गाव लेस्कोवात्सच्या बाजूचं, मिरचीच्या वावरांतलं. बाविसाव्या वर्षी दोस्ता लग्न होऊन निश शहरात आली. नवरा द्रागिशा बेकरीची गाडी चालवायचा. मूलबाळ झालं नाही. तपासण्या झाल्या त्या तिच्याच. त्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टर द्रागिशाची करू म्हणाले, तर तो म्हणाला आमच्या घराण्यात असलं काही नसतं, आणि विषय मिटला. बायकोवर कधी हात उगारला नाही ही त्याची फुशारकी होती, आणि ती खरीही होती. त्याला हाताची गरजच पडत नसे. समोरच्याचं दुखणं कुठे आहे ते त्याला बरोब्बर कळे, आणि चार माणसं जमली की तो नेमका तिथे बोट ठेवी. लोक पोट धरून हसत. दोस्ताही त्यांच्यात हसायला शिकली होती.

शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना होता. तिथे चादरी इस्त्री करायच्या गरम रुळाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, रुळात घालायची. वर हॉस्पिटलात काय चालतं ते तिला चादरींवरच्या डागांवरून कळे, तेवढंच.

पहिल्या मजल्यावर एमआरआयच्या मशीनवर पेर्सिदा नावाची बाई होती. पन्नाशीची, मोठ्या तोंडाची, पण कामाला पक्की. सिगरेट ओढायला ती तळघराच्या मागच्या दाराशी यायची आणि धुलाईखान्यात कॉफी प्यायची. त्या वर्षी तिच्या डोक्याला एकच ताप होता. राजधानीहून शिकून आलेली इस्क्रा नावाची एक तरुण डॉक्टर निरोगी बायकांच्या छातीचा अभ्यास करत होती आणि तिला बाया मिळत नव्हत्या. पेर्सिदाचं म्हणणं असं, की आजारी बायका रांगा लावतात, पण धडधाकट बाई म्हटलं की सगळ्यांना कामं निघतात. आणि येतात त्या तिथे पडल्या पडल्या वळवळतात, खोकतात, रडतात, मग सगळं चित्र फिसकटतं. शेवटी एका सकाळी ती कप ठेवून सरळ म्हणाली,

"दोस्ते, तू चल ना गं. पोर नाही, ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत. कोरी करकरीत आहेस तू."

धुलाईखान्यातल्या बाया हसल्या. दोस्ताही हसली, आणि दुसऱ्या दिवशी वर गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कोरी करकरीत हा शब्द तिच्याबाबतीत पहिल्यांदाच कुणी चांगल्या अर्थाने वापरला होता.

वर तिला एक झगा दिला, पुढून उघडा. झगा तिच्याच रुळातून गेलेला होता. मशीनच्या फळीवर दोन मोठे खळगे असलेली चौकट बसवली होती. पोटावर पालथं पडायचं, छाती त्या खळग्यांत खाली सोडायची, हात डोक्यापुढे, कपाळ उशीला टेकवायचं. पेर्सिदाने थंड हातांनी दोन्ही बाजू सारख्या केल्या, भाकरीचा उंडा थापायला घ्यावा तशा. कानांत बोळे घातले, हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाब म्हणाली, आणि फळी आत ढकलली. मग आवाज सुरू झाला. पत्र्यावर कुणी हातोडा घालतंय, थांबतंय, पुन्हा घालतंय. फळीच थरथरत होती. चाळीस मिनिटं.

दोस्ता हलली नाही. खांदे नाहीत, बोटं नाहीत. श्वास इतका वरच्यावर की पेर्सिदाने काचेपलीकडून दोनदा स्पीकरवर विचारलं, "आहेस ना?" उत्तर देतानाही तिने फक्त ओठ हलवले.

याचं कारण घरातलं होतं. वेलिबोर पिऊन यायचा तेव्हा चारही पोरी एका लांब पलंगावर आडव्या असायच्या. तो दारात उभा राहून बघायचा. जी हलेल ती जागी, आणि जी जागी ती त्याची वाट बघत बसलेली, म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणारी, असा त्याचा हिशेब. कमरेचा पट्टा त्याच्या हातातच असायचा. थोरल्या दोघी थरथरायच्या आणि मार खायच्या. आई, रुमेना, मध्ये पडायची आणि तीही खायची, कारण तिला ओरडल्याशिवाय राहवत नसे. दोस्ता पाच वर्षांची असताना शिकली की श्वास पोटात न घेता गळ्यातच घ्यायचा. डास चावला तरी चावू द्यायचा. तिच्या अंगावर पट्ट्याचा एकही वळ नव्हता. बहिणींनी तिला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर इस्क्रा स्वतः तळघरात आली. असं कधी झालं नव्हतं. डॉक्टर लोकांना धुलाईखाना कुठे आहे हेच ठाऊक नसे. ती वाफेत चष्मा पुसत उभी राहिली आणि दोस्तामावशी कोण ते विचारलं. तिने दोस्ताचा हात हातात घेतला. सत्तावीस बायकांची चित्रं काढली, म्हणाली, पण इतकं स्वच्छ एकही नाही. केसभर हालचाल नाही. मग तिने मोठी विनंती केली. तिला एकच बाई अकरा वेळा हवी होती, महिन्यातून एकदा, पाळीनंतरच्या ठरावीक दिवसांत. एकाच शरीराचं माप पुन्हा पुन्हा घेतलं तर ते किती सारखं येतं ते बघायचं होतं. ते कळल्याशिवाय आजारी बाईच्या मापावर विश्वास कसा ठेवणार?

"मला त्यातलं काय कळतंय, डॉक्टर," दोस्ता म्हणाली.

इस्क्राला समजावून सांगायची हौस होती, आणि चांगलं सांगताही येत असे. अंगात सगळीकडे पाणी आहे, म्हणाली, आणि ते पाणी एका जागी बसत नाही, सारखं हिंडत असतं. हे मशीन ते पाणी किती हिंडतं आणि कुठल्या दिशेने, ते बघतं. दोस्ता मिरचीच्या वावरात वाढली होती, म्हणून मग इस्क्रा म्हणाली, तुमच्याकडे वावराला पाटाने पाणी सोडतात ना? तसे छातीत दुधाचे पाट असतात. निरोगी छातीत पाणी पाटापाटाने नीट चालतं. गाठ झाली की तिथे पेशींची दाटी होते, पाण्याला चालायला जागा राहत नाही, ते अडतं. तुमच्यातलं पाणी कसं चालतं तेवढंच आम्ही बघणार.

"माझ्यात दूध कुठं होतं कधी," दोस्ता म्हणाली.

"पाट आहेत ना," इस्क्रा म्हणाली. "फार सुंदर आहेत."

हे वाक्य दोस्ता घरी घेऊन गेली आणि कुणाला सांगितलं नाही.

मार्चपासून ती दर महिन्याला वर जाऊ लागली. पेर्सिदा धुलाईखान्याच्या दारातूनच ओरडून विचारायची, "दोस्ते, कधी बसलीस गं या खेपेला?" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करायची, त्यामुळे सगळ्या तळघराला तिची तारीख पाठ झाली. त्याचीही तिला सवय झाली. ठरलेल्या दिवशी ती सकाळी लवकर उठून अंघोळ करी, आतले कपडे नवे घाली. मशीनमधून बाहेर आली की इस्क्रा तिला पडद्यावर चित्र दाखवी. काळ्या पार्श्वभूमीवर दोन राखाडी थेंब, आणि त्यांत स्तनाग्राकडे धावणाऱ्या बारीक रंगीत रेघा, लाल, हिरव्या, निळ्या. दोस्ता बघत राही. तिने आपल्या अंगाकडे आयुष्यात इतका वेळ पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ती जरा ताठ चालू लागली. द्रागिशाच्या ते लक्षात आलं. एकदा जेवताना म्हणाला, "काय गं, हल्ली फार साबण लागतो तुला." ती म्हणाली, स्वस्त लागला म्हणून दोन वड्या जास्त आणल्या.

नोव्हेंबरात हॉस्पिटलने खालच्या मजल्यावर आपल्या कामांचं प्रदर्शन भरवलं. कँटीनच्या वाटेवर मोठमोठे कागद लावले. इस्क्राच्या कागदावर मधोमध दोस्ताचं चित्र होतं, दोन हात रुंद. खाली लिहिलं होतं: निरोगी स्त्री, वय त्रेचाळीस. नाव नव्हतं. रेघा कितीही शास्त्राच्या असल्या तरी कडेचा आकार लपत नव्हता. कुणालाही कळेल की काय आहे. तरी सगळे त्यासमोरून पावाचा तुकडा चावत जात होते, आणि तसेच जात राहिले असते.

बोलली पेर्सिदा. दुष्टाव्याने नाही, अभिमानाने. कँटीनमध्ये अँब्युलन्सचे ड्रायव्हर चित्राबद्दल काही फाजील बोलले, तर ही म्हणाली, नीट बोला रे, ती आपली तळघरातली दोस्ता आहे. हे चित्र आता परदेशात जाणार आहे.

दुपारपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळलं होतं. शिपाई चादरी न्यायला आले की एकमेकांना ढोसू लागले. कुणीतरी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, "पुरे! पुरे!" तिच्या नावावरचा विनोद. लिफ्टमध्ये एक म्हातारा वॉर्डबॉय तिला अदबीने म्हणाला, बाई, तुम्हाला कपड्यांत ओळखलंच नाही. पेर्सिदा आठवडाभर धुलाईखान्यात फिरकली नाही, मग आली, आणि कॉफी मागितली.

दोस्ताला भीती एकाच माणसाची होती. पण द्रागिशा काही बोलला नाही. अँब्युलन्सचे ड्रायव्हर त्याच्याच दारूच्या गुत्त्यात बसायचे, त्याला कळलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. तो तीन आठवडे नेहमीसारखा आला, जेवला, झोपला. एकदा तर तिची चौकशीही केली, कामाचा त्रास होतो का म्हणून. दोस्ताला वाटलं, सुटले.

एकोणीस डिसेंबरला सिनिशाच्या घरी कुळाच्या संताचा दिवस असे, सेंट निकोलसचा. सगळे गावी जमायचे. उपासाचा दिवस, म्हणून मांस नाही. तळलेले मासे, भाजलेल्या वालाची उसळ, मिरचीची चटणी, गोल नक्षीचा पाव, अक्रोड घालून उकडलेले गहू. बाप मरून सहा वर्षं झाली होती. आई रुमेना टेबलाच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती. पाद्री येऊन पाव कापून गेला, रकिया, घरी गाळलेली फळांची दारू, दोनदा फिरली, तीसेक माणसं दाटीने बसली होती. तेव्हा द्रागिशा उठला आणि गाडीतून एक गुंडाळी घेऊन आला.

माशांच्या थाळ्या त्याने बाजूला सारल्या आणि गुंडाळी टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवले. हॉस्पिटलच्या भिंतीवरून काढून आणलेला तो कागद होता, खिळ्यापाशी फाटलेला.

"मंडळी," तो म्हणाला, "कोडं घालतो. हे काय आहे ते सांगा, आणि कुणाचं आहे ते सांगा. ओळखेल त्याला माझ्याकडून बाटली."

सिनिशाचा एक साडू म्हणाला भोपळे. कुणी म्हणालं अंडी, तेलात सोडलेली. हसणं वाढत गेलं. द्रागिशा प्रत्येकाचं उत्तर शांतपणे ऐकत होता आणि मान हलवत होता, मास्तरासारखा. शेवटी सिनिशाची बायको दोस्ताकडे बघून तोंडावर हात घेऊन ओरडली, आणि मग सगळ्यांना एकदम कळलं.

"वीस वर्षं मी अंधारात चाचपडलो," द्रागिशा म्हणाला. "इथं बघा, सरकारने रस्ते रंगवून दिलेत."

खोलीत एवढा हशा झाला की पलीकडच्या खोलीतलं तान्हं जागं झालं. दोस्ता जागची हलली नाही. हात मांडीवर, नजर माशाच्या डोक्यावर. हशा जरा ओसरला तेव्हा आई बोलली. रुमेनाचा आवाज बारीक होता, पण ती बोलली की लोक थांबायचे, तिच्या वयामुळे.

"असू दे रे," ती म्हणाली. "लेकरू तर कधी लागलं नाही त्यांना. निदान खिळ्याला तरी लागले."

या वेळी सगळे हसले नाहीत. दोघी-तिघींनी खाली पाहिलं. पण सिनिशा हसला, आणि द्रागिशा तर खुर्चीत कोसळला. त्याला स्वतःला असलं वाक्य सुचलं नव्हतं आणि तो दिलदारपणे सासूचा हात हातात घेऊन मुका घेत होता. दोस्ता उठली, थाळ्या गोळा केल्या, कागद गुंडाळून चुलीत घातला. कागद चकचकीत होता, पटकन पेटेना. ती उकडलेल्या गव्हाची रिकामी वाटी हातात धरून तो जळेपर्यंत उभी राहिली. मग परतीच्या वाटेवर गाडीत द्रागिशाशेजारी बसली, आणि तो गाणं म्हणत होता.

सोमवारी ती इस्क्राकडे गेली. चित्र काढून टाका, परदेशात पाठवू नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. इस्क्राने तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिला खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. मग तिने कपाटातून पहिल्या दिवशीचा संमतीचा कागद काढला आणि त्यावरची दोस्ताची सही दाखवली. चित्रावर नाव नाही, म्हणाली, आणि नाव नसलेलं चित्र कायद्याने कुणाचंच नसतं. भिंतीवर दुसरी प्रत कालच लागली होती, ती उतरवता येईल, उतरवते. पण निबंध छापायला गेला आहे, शेवटचं माप तेवढं जोडायचं आहे. आणि अकरातली शेवटची एक तारीख राहिली आहे, तेवढी तुम्ही याल ना, मावशी? नाहीतर दहा महिन्यांचं सगळं काम वाया. तुमच्याइतकं पडून राहणारं मला कुणी मिळणार नाही.

"येते," दोस्ता म्हणाली.

जिना उतरतानाच तिने ठरवलं होतं. ती जाईल, आणि हलेल. फार नाही; खांदा जरा उडवला, श्वास छातीभर घेतला, ढुंगण अर्धं बोट सरकवलं की झालं. सगळ्या रेघा चिवडल्या जातील. पेर्सिदा पुन्हा घेऊ म्हणेल, तर पुन्हा हलेल. बाहेर येऊन म्हणेल, काय करू, वय झालं. जानेवारीच्या त्या तारखेपर्यंत दोन आठवडे ती रुळाशी उभी राहून मनात हलण्याचा सराव करत होती. कधी नव्हे ते तिला कशाची तरी वाट बघावीशी वाटत होती.

त्या दिवशी ती पालथी पडली, छाती खळग्यांत सोडली, कपाळ टेकवलं. फळी आत गेली. आवाज सुरू झाला. दोस्ताने मनात म्हटलं, आता. खांदा उडाला नाही. तिने पुन्हा म्हटलं, आता, आणि उजव्या हाताचा अंगठा वळवायला सांगितला. अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून राहिला. श्वास छातीभर घ्यायला गेली तर तो गळ्याशीच अडला, आणि तिथून जसा येत-जात आला होता तसाच येत-जात राहिला. हातोडा पडत होता, थांबत होता, पडत होता. तिला कळत होतं की ही हॉस्पिटलची फळी आहे, वर दिवा आहे, बाहेर पेर्सिदा आहे, दारात कुणीही उभं नाही. अंगाला ते कळत नव्हतं. चाळीस मिनिटं ती आपल्याच अंगाला हुकूम सोडत राहिली आणि एक पापणी हलली नाही. घाम तेवढा आला. कपाळाखालची उशी भिजली.

बाहेर काढलं तेव्हा इस्क्रा टाळ्या वाजवत होती. अकरांतलं हे सर्वांत चांगलं, म्हणाली. आणि तिला मिठी मारली.

निबंध छापून आला. वर्षभराने इस्क्राला बाहेरच्या देशात जागा मिळाली. जाताना तिने तळघरात चॉकलेटचा डबा पाठवला आणि दोस्तासाठी निबंधाची प्रत. प्रत परक्या भाषेत होती. चित्र आत होतंच, लहान, काळं-पांढरं.

द्रागिशाशी ती आता कामापुरतं बोले. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. तो अजूनही चारचौघांत विनोद करी, पण ती आता हसत नसे, आणि कसलेला गडी असूनही त्याचा सूर बिघडू लागला. बायको हसत नसली की लोकांनाही हसायचं की नाही ते कळेना. एकदा तिची समजूत काढावी म्हणून त्याने तिला ओव्हरकोट आणून दिला. तिने तो घातला. चार हिवाळे घातला. कामाशिवाय बोलली नाही ती नाहीच.

इस्क्रा गेल्यानंतरच्या तिसऱ्या वसंतात रुमेना गावाहून एकटीच बसने आली. सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी, हातात चीजचा डबा. दुपारभर बसली, इकडचं तिकडचं बोलली. द्रागिशा कामावर गेल्यावर तिने न्हाणीघरात दोस्ताला बोलावलं, ब्लाउजची बटणं काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डाव्या बाजूला, काखेकडे. दोस्ताने हात लावला. वालाएवढी नव्हती, अक्रोडाएवढी होती, आणि हलत नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. सिनिशाच्या बायकोला कसं दाखवू? ती गावभर करेल."

दोस्ताने ब्लाउजची बटणं लावून दिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आईला घेऊन हॉस्पिटलात गेली. तिने करायचं ते सगळं केलं, कुठेही कसर ठेवली नाही. ओळखीने नंबर लावला, डॉक्टरांपुढे आईच्या वतीने बोलली, सुई टोचताना बाहेर थांबली. मग एमआरआय करायचं ठरलं, ऑपरेशनच्या आधी गाठ किती पसरली ते बघायला. तीच खोली, तेच मशीन, पेर्सिदाच.

रुमेना पालथी पडायलाच तयार होईना. लाजेने तिच्या अंगाची मोळी झाली होती. पेर्सिदाने कशीबशी तिला चौकटीवर घातलं, दोन्ही बाजू खळग्यांत सोडल्या. म्हातारी रडायला लागली. आवाज सुरू झाला तशी ती ओरडली आणि सगळं अंग उडवलं. पेर्सिदाने थांबवलं. पडद्यावर नुसता धूर. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. काचेच्या अलीकडे स्पीकर होता, त्यातून तिचा बारीक आवाज येत होता. ती आधी देवाला हाक मारत होती, मग सिनिशाला. मग म्हणाली, "दोस्ते, बाई, आत ये गं. हात धर माझा."

असं करता येत असे. आजाऱ्याचं माणूस अंगावरचे दागिने, खिशातलं लोखंड काढून ठेवून आत पायथ्याशी उभं राहू शकतं. लहान मुलांच्या आया तशा राहतात. पेर्सिदा तिच्याकडे वळली आणि म्हणाली, कानांतलं काढ आणि जा आत, दोन मिनिटांत शांत होईल.

दोस्ता काचेपाशी उभी होती. आत फळीवर आईचे दोन पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या, एक मोजा घोट्यापर्यंत उतरलेला.

"दोस्ते, ऐकतेस ना?" स्पीकर म्हणाला. "लेकरा."

"तो बंद कर," दोस्ता म्हणाली.

पेर्सिदा बघत राहिली. "अगं, आई आहे."

"बंद कर, पेर्सिदा. तुझं काम कर."

पेर्सिदाने बटण दाबलं. मग खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. काचेपलीकडे पाय हलत होते, एकमेकांवर घासत होते, नंतर हलायचे थांबले. दमून थांबले की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता. पेर्सिदाने तिसऱ्यांदा मशीन सुरू केलं. या वेळी चित्र बरं आलं. राखाडी थेंबात डावीकडे एक काळा डाग होता, कडा दातेरी, आणि आजूबाजूच्या रेघा त्याच्यापाशी येऊन तुटल्या होत्या. दोस्ताने ते चित्र पेर्सिदाच्या खांद्यावरून, पूर्ण होईपर्यंत पाहिलं.

मग ती आत गेली. आईला उठवलं, तोंड पुसलं, मोजा वर केला. रुमेना लेकीकडे बघत नव्हती. परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. म्हातारीने एकदाच विचारलं, "तुला ऐकू येत नव्हतं ना?"

"येत होतं," दोस्ता म्हणाली.

पेर्सिदाने ही गोष्ट धुलाईखान्यात सांगितली. या वेळी अभिमानाने नाही. काही दिवस तळघरातल्या बाया दोस्ताशी चादर धरताना जरा लांब उभ्या राहिल्या. मग नव्या बाया आल्या, कामाचा रेटा होता, आणि ते मागे पडलं.

रुमेनाचा डावा स्तन काढला. ऑपरेशननंतर सिनिशाने तिला घरी नेलं नाही. बायको नको म्हणते, म्हणाला, आणि शहरात डॉक्टर जवळ. म्हणून ती दोस्ताकडेच राहिली, मागच्या खोलीत, तीन वर्षं. दोस्ता तिची मलमपट्टी करी, सूप भरवी, दर शनिवारी न्हाऊ घाली. शेजारणी म्हणत, लेक असावी तर अशी. द्रागिशाला मात्र मजा उरली नव्हती. एका घरात दोन बायका, दोघी गप्प. तो संध्याकाळी लवकर बाहेर पडे आणि उशिरा येई, आणि गुत्त्यातही पूर्वीसारखा रंगत नसे.

रुमेना गेली ती फेब्रुवारीत, सकाळी, दोस्ता कामावर असताना. सिनिशाने गावी नेऊन पुरलं. पुढे चाळिसाव्या दिवसाचं जेवणही मोठं झालं. रजा तीन दिवसांची मिळत होती. दोस्ता मातीच्या दुसऱ्याच दिवशी कामावर आली. मुकादम म्हणाली, अगं घरी बस की. दोस्ताने ॲप्रन बांधला आणि म्हणाली की अपघात विभागाच्या चादरी कालपासून ओल्या पडल्यात, वास यायला लागेल. मग तिने एक टोक उचललं आणि समोरच्या मुलीने दुसरं.